वर्षभराच्या खंडानंतर: आधी डबे उघडा, मग जाहिरात

हातातलं काम थांबवलेल्या आणि आता पुन्हा सुरू करू पाहणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी बरीच आली. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच: ग्राहक परत कसे आणायचे? आमच्या हिशेबात तो तिसरा प्रश्न आहे. साहित्य वापरण्याजोगं उरलंय का, हा पहिला. आज ती वस्तू करायला किती खर्च येतो, हा दुसरा. नागपूरचा एक उन्हाळा आणि एक पावसाळा बंद खोलीत काढलेल्या सामानावर पारखल्याशिवाय विश्वास टाकू नये. म्हणून उत्तरंही त्याच क्रमाने देत आहोत.

प्रश्न: मी त्रिमूर्तीनगरला घरीच ठशांनी छापलेल्या कापडी पिशव्या आणि बटवे करत होते. बाळंतपणामुळे वर्षभर काम पूर्ण बंद होतं. रंगांचे डबे, चाळीसेक लाकडी ठसे, पायमशीन आणि पंधरा मीटर मांजरपाट एका खोलीत तसंच पडून आहे. राखीपौर्णिमेच्या आधी सुरुवात करायची आहे. जुने फोटो टाकून ऑर्डर घ्यायला लागू का?

उत्तर: आत्ता नको. निदान तीन आठवडे तरी नको. ऑर्डर घेतल्यावर रंग धुपतोय हे कळलं, तर वर्षभराच्या शांततेपेक्षा जास्त नुकसान त्या एका पिशवीने होईल.

ठशांपासून सुरुवात करा. प्रत्येक ठसा काचेच्या तुकड्यावर उपडा ठेवून चारही कोपरे बोटाने दाबून पाहा. डुगडुगत असेल तर लाकूड वाकलं आहे. मेमध्ये हवा कोरडी होते तेव्हा सागवानसुद्धा आकसतं, आणि जुलैत ओल धरून फुगतं. थोडा बाक असेल तर काचेवर २२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून त्यावर ठसा सरळ रेषेत, हलक्या हाताने आठ-दहा वेळा फिरवा. त्याहून जास्त घासलं की नक्षीची खोली कमी होते आणि बारीक रेघा भरून छपाई माखते. नक्षीतून आरपार चीर गेली असेल तर तो ठसा बाजूला काढा. भेग बुजवता येते, पण छापात तिची रेघ उमटतेच.

नक्षीत वाळून बसलेला रंग निव्वळ पाण्याने जाणार नाही, कारण त्यातला बाइंडर, म्हणजे रंग कापडाला धरून ठेवणारा घटक, वाळला की प्लॅस्टिकसारखा होतो. कोमट पाण्यात थोडी धुण्याची पावडर घालून ठशाचा फक्त तोंडाकडचा भाग दहा-पंधरा मिनिटं बुडवा आणि नायलॉनच्या ब्रशने घासा. रात्रभर भिजत ठेवायची चूक बऱ्याच जणी करतात, त्याने लाकूड फुगून चिरतं. तरीही निघाला नाही तर घासलेट लावून अर्धा तास थांबा आणि सुईने कोरून काढा. मागून हवा जायला भोकं असतील तर तीही मोकळी करा. ती बुजली की मोठ्या नक्षीच्या मधोमध रंग उठत नाही आणि आपण उगाच हाताला दोष देतो. मग ठसे दोन दिवस सावलीत सुकवा, मोहरीचं तेल बोटाने चोळा, आणखी दोन दिवसांनी जास्तीचं तेल फडक्याने टिपून घ्या. पहिले दहा-बारा छाप चिंधीवरच मारायचे. लाकडात तेल असेपर्यंत रंग नीट धरत नाही.

आता रंग. डबा उघडल्यावर वर पातळ पाणी आणि खाली घट्ट रंग दिसला तर घाबरू नका, ढवळल्यावर एकजीव होतो. कडेला रबरासारखे पापुद्रे असतील तर जुन्या नायलॉन मोज्यातून गाळून घ्या. आंबूस, कुजका वास येत असेल किंवा फाटलेल्या दुधासारख्या गुठळ्या झाल्या असतील तर डबा टाकून द्या, तिथे कंजुषी नको. राहिलेल्या प्रत्येक रंगाची चाचणी घ्या. सहा इंचाच्या धुतलेल्या कापडावर छाप मारा आणि चोवीस तास वाळू द्या. मग इस्त्री सुती कापडाच्या तापमानावर ठेवून उलट्या बाजूने चार-पाच मिनिटं फिरवा. तीन दिवस थांबा. त्यानंतर साबणाने पाच वेळा धुवा आणि शेवटी ओलं पांढरं फडकं छापावर दहा वेळा घासा. फडक्यावर पुसट छटा आली तर चालेल. रंगाची पूड सुटत असेल तर बाइंडर मेला आहे. अशा वेळी १०० ग्रॅम पेस्टमध्ये ५ ते १० ग्रॅम ताजा बाइंडर घालून चाचणी पुन्हा पहिल्यापासून करा. यापेक्षा जास्त घातला तर छाप कडक होतो आणि घडीवर तडकतो. डब्यावर उघडल्याची तारीख लिहा. गेल्या वर्षी लिहिली असती तर आज हा निम्मा उद्योग वाचला असता.

मांजरपाटात खळ असते आणि खळीवर कसर येते. कापड उजेडासमोर धरून टाचणीएवढी भोकं शोधा. घडीच्या रेषेवर पिवळेपणा असेल तर तो धुवून जाईल अशा आशेवर राहू नका, रेषा चुकवून बेत काढा. एक किलो कापडाला साधारण वीस लिटर पाणी, वीस ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडी साबण पावडर घालून अर्धा तास उकळा आणि स्वच्छ खळबळा. वाळल्यावर पाण्याचा थेंब टाका. तो दोन-तीन सेकंदांत शोषला गेला तर खळ निघाली. थेंब मण्यासारखा वर उभा राहिला तर रंगही वरच राहणार आणि पहिल्या धुण्यात जाणार. छपाईच्या तक्रारींमध्ये आम्हाला सगळ्यात जास्त हेच कारण दिसतं, आणि सगळ्यात कमी कोणी तपासतं तेही हेच.

मशीन लगेच जोरात चालवू नका. चाक हाताने फिरवा. जड लागत असेल तर जुनं तेल चिकट झालंय. तेलाच्या प्रत्येक भोकात घासलेटाचा एकेक थेंब टाका, सुई-दोरा न लावता पाच मिनिटं चालवा, पुसून घ्या, मग मशीनचं पांढरं तेल घाला. खोबरेल किंवा खायचं तेल घातलं की महिन्याभरात पुन्हा चिकटतं. शटल काढून आतली कापसाची गादी ब्रशने साफ करा, दात्यांच्या मधली विसरू नका. चामडी पट्टा सैल झाला असेल तर अर्धा इंच कापून क्लिप पुन्हा बसवा. सुई नवीनच घ्या, जुन्यावर न दिसणारा गंज असतो आणि तो दोरा कापतो. मांजरपाटाच्या दुहेरी शिलाईला १६ नंबर ठीक. दोरा दोन्ही हातांनी झटका देऊन तोडा. सहज तुटला तर रीळ टाचणकामाला ठेवा. इलॅस्टिकची परीक्षा घ्यायलाही नको. उन्हाळा काढलेलं इलॅस्टिक नवीन मालाला लावू नये.

रोज दोन तास दिलेत तर हे सगळं दोन-अडीच आठवड्यांत होतं. त्यानंतर दहा पिशव्या शिवा, पण विकू नका. घरात, शेजारी, बहिणीकडे द्या. भाजी आणू द्या, धुऊ द्या. फोटो त्यानंतर काढा, आणि जुने टाकू नका. जुन्या फोटोतला रंग आता तुमच्या डब्यात नसेल.

प्रश्न: माझी १३ बाय १५ इंची छापील पिशवी मी १८० रुपयांना विकत होते. दुकानाला ३० टक्के द्यायचे. आता तोच भाव ठेवून सुरुवात करावी आणि लोक परत आले की हळूहळू वाढवावा, असं घरचे म्हणतात. (नंदनवन)

उत्तर: घरच्यांचं ऐकण्याआधी कागद घ्या. पिशवीचा तुकडा खाली घडी ठेवून एकसंध कापला तर रुंदी शिलाईसह १४ इंच आणि लांबी ३३ इंच: १५ दुणे ३० आणि तोंडाच्या दुमडीचे ३. कापडाचा ४४ इंची पन्हा, म्हणजे रुंदी, धुतल्यावर आणि काठ काढल्यावर ४२ पकडा. त्यात दोन पिशव्यांचे २८ जातात आणि उरलेल्या १४ मध्ये बंदांच्या तीन-तीन इंची चार पट्ट्या बसतात. म्हणजे आटणं धरूनही एका मीटरमध्ये दोन पिशव्या.

भाव तुम्ही गांधीबागेत जाऊन आजचे काढा. इथे आम्ही समजण्यासाठी आकडे धरतो. कापड ११० रुपये मीटर, म्हणजे पिशवीला ५५. रंग ६, दोरा आणि लेबल ४, वेष्टन ५, वीज २. एकूण ७२. बिघडलेल्या मालापोटी दहा टक्के, म्हणजे ७, धरून ७९. धुण्यापासून शेवटच्या इस्त्रीपर्यंत पिशवीमागे पाऊण तास जातो. तासाला ८० रुपये मजुरी लावली तर ६०. झाले १३९.

आता जुना भाव तपासा. दुकानाने १८० मधले ३० टक्के कापले की तुमच्या हातात १२६ येतात. प्रत्येक पिशवीला १३ रुपये घरचे घालून तुम्ही माल देता आहात. हळूहळू वाढवेपर्यंत तोटाही हळूहळू वाढेल.

नफा वीस टक्के धरला तर तुम्हाला १६७ सुटायला हवेत. इथे एक हमखास चूक होते. १६७ वर ३० टक्के चढवून २१७ लिहितात. पण दुकान ३० टक्के कापतं ते २१७ मधून, म्हणून हातात १५२ च पडतात. बरोबर रीत अशी: १६७ ला ०.७ ने भागा. उत्तर २३९ च्या आत येतं, छापील किंमत २४० लावा. घरून विकतानाही २४० च ठेवा. तुम्ही स्वतः स्वस्त विकलंत तर दुकानदार तुमचा माल मागच्या फळीवर टाकेल, आणि त्याचं चुकणारही नाही. जुन्या ग्राहकांना सवलत द्यायचीच तर पहिल्या महिन्यापुरती, तारीख लिहून द्या. भाव एकदाच वाढवा. वर्षभराच्या खंडाएवढी चांगली संधी त्यासाठी मिळत नाही, कारण कालचा भाव कोणाच्या डोळ्यांसमोर नसतो. मजुरी मात्र कापू नका. बहुतेक जणी तिथेच हात घालतात.

प्रश्न: तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे मुलांच्या लाकडी बैलांच्या पोळ्यासाठी, मी लाकडी नंदीच्या झुली, बाशिंगं आणि घुंगरपट्टे करते. गेल्या वर्षी ऐन वेळी काम थांबलं. साठ झुली तयार पडून आहेत. या वर्षी विकता येतील का? (सक्करदरा)

उत्तर: सगळ्या नाही. आधी गोटा पाहा. काळवंडला असेल तर तो उजळत नाही, उसवून बदलावा लागतो. नुसता मळलेला असेल तर मऊ ब्रशने साफ होतो. जे मणी, टिकल्या गोंदबंदुकीने चिकटवल्या असतील त्या नखाने उचलून पाहा. पत्र्याखालच्या खोलीत गोंद उन्हाने ढिला पडतो आणि टिकली अख्खी सुटून येते. अशा ठिकाणी पुन्हा गोंद न लावता दोन टाके घाला. मुलं ती झूल दिवसभर ओढणार आहेत. घुंगरांना लोहचुंबक लावा. चिकटले तर आत लोखंड आहे, त्यांचा गंज मखमलीवर उतरतो, काढून टाका. मखमलीची लव घडीवर बसली असेल तर उलट्या बाजूने वाफ द्या, इस्त्री टेकवू नका. दुरुस्तीला वीस मिनिटांहून जास्त वेळ लागेल ती झूल उसवून साहित्य म्हणून वापरा.

नवीन माल करताना नंदीची मापं घ्या: मानेपासून शेपटीपर्यंत पाठीची लांबी आणि पोटाचा घेर. सुतारागणिक नंदीचं अंग बदलतं, एकाच मापाच्या झुली निम्म्या नंदींना बसत नाहीत.

दिवसाचं गणितही मांडा. पोळा श्रावण अमावास्येला आणि तान्हा पोळा दुसऱ्या दिवशी. त्याच दिवशी मारबत-बडग्यांच्या, म्हणजे मोठ्या पुतळ्यांच्या, मिरवणुका निघतात आणि इतवारी-महाल भागात गाडी घालणं कठीण होतं. त्यामुळे "पोळ्याच्या दिवशी आणून देते" असा शब्द कोणालाही देऊ नका. दुकानांना माल तीन-चार आठवडे आधी द्यावा. हा धंदा एका दिवसाचा आहे, उरलेली झूल वर्षभर उरते. म्हणून पुनरागमनाच्या वर्षी दुरुस्त केलेल्या झुली आणि तेवढ्याच नवीन, याच्या पुढे जाऊ नये असं आमचं मत.

प्रश्न: काचेच्या ग्लासातल्या सुगंधी मेणबत्त्या करायचे. ८ किलो सोया मेण आणि सहा सुगंधी तेलं वर्षभर पडून आहेत. वापरू का? (मनीषनगर)

उत्तर: मेण बहुधा चांगलं असेल. नागपूरच्या उन्हाळ्यात त्याच्या पापड्यांचा एकच गोळा झाला असेल तर काही बिघडत नाही, फोडून घ्या. खवट वास आला तरच टाका. संशय तेलांवर धरा. संत्रं, लिंबू असले वास सगळ्यात आधी उडतात. व्हॅनिलाचं तेल मेण तपकिरी करतं, तो दोष जुनेपणाचा नाही, तेलाचाच आहे.

प्रत्येक तेलाची एक छोटी मेणबत्ती करा: १०० ग्रॅम मेण, ६ ग्रॅम तेल. मेण ८० ते ८५ अंशांवर असताना तेल घालून दोन मिनिटं सावकाश ढवळा, साठ अंशांच्या आसपास ओता. दोन आठवडे झाकून ठेवा, त्याआधी पेटवून वासाचा निकाल लावू नका. पेटवताना वात ५-६ मिलिमीटर ठेवा. ग्लासाच्या व्यासाच्या दर इंचाला एक तास, म्हणजे तीन इंची ग्लासाला तीन तास, या हिशेबाने वितळलेलं मेण कडेपर्यंत पोहोचायला हवं. मध्येच विहीर पडली तर वात बारीक आहे. काजळी धरली, ग्लास हात लावू देईना, तर जाड आहे. धूळ बसलेल्या जुन्या वाती चाचणीतही वापरू नका, दोष मेणाचा की वातीचा ते कळणार नाही.

एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत कुरिअरने पाठवू नका. सोया मेण पन्नास अंशांच्या आसपास वितळतं, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीतलं खोकं तेवढं सहज तापतं.

प्रश्न: वर्षभरात एकही विवरणपत्र भरलं नाही. जीएसटी क्रमांक गेला असेल का? उद्यम (छोट्या उद्योगाची नोंदणी) आणि गुमास्ता (दुकान-आस्थापना नोंदणी) पुन्हा काढावं लागेल का? (प्रतापनगर)

उत्तर: विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरावं लागतं. सलग सहा महिने न भरल्यास नोंदणी रद्द करण्याची कारवाई होऊ शकते, म्हणून आधी पोर्टलवर तुमची स्थिती पाहा. चालू असेल तर जुन्या महिन्यापासून क्रमाने भरत या, मधलं सोडून पुढचं भरता येत नाही. शून्य विक्रीच्या ३बी (विक्री आणि कराचा गोषवारा देणाऱ्या) विवरणपत्राला विलंब शुल्क दिवसाला २० रुपये आणि एका विवरणपत्रामागे जास्तीत जास्त ५००. दरमहा भरणाऱ्याचे बारा महिन्यांचे ६,००० होतात, तिमाही भरणाऱ्याचे २,०००. नोंदणी रद्द झाली असेल तर आदेशापासून ९० दिवसांत ती पुन्हा चालू करण्याचा अर्ज करता येतो.

पण आधी विचारा, नोंदणी हवी कशाला? महाराष्ट्रात वस्तूंच्या विक्रीला वर्षाला ४० लाखांपर्यंत ती सक्तीची नाही. ऑनलाइन बाजारपेठेवरसुद्धा राज्याच्या आतच विकणाऱ्या छोट्या विक्रेत्याला १ ऑक्टोबर २०२३ पासून फक्त नावनोंदणी क्रमांक घेऊन विकता येतं. परराज्यात त्या बाजारपेठेतून माल जात असेल तर मात्र नोंदणी ठेवा.

उद्यमला मुदत नसते, पत्ता किंवा बँक बदलली असेल तर माहिती सुधारा. ते मोफत आहे, पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून लांब राहा. गुमास्त्याचं म्हणाल तर एक-दोन हातांच्या कामाला आता ऑनलाइन सूचना पुरते.

प्रश्न: धंद्याचं सिम वेगळं होतं, ते वर्षभर बंद आहे. जुने ग्राहक त्यावरच होते. (मानेवाडा)

उत्तर: प्रीपेड क्रमांक ९० दिवस न वापरल्यास बंद होऊन पुढे दुसऱ्याला मिळू शकतो. आधी तो तुमच्याच नावावर आहे का ते कंपनीच्या दुकानात ओळखपत्र दाखवून पाहा. व्हॉट्सॲप खातं १२० दिवसांच्या निष्क्रियतेनंतर पुसलं जातं. वर्षभर न वापरलेला यूपीआय आयडी बंद झालेला असू शकतो, म्हणून छापलेला क्यूआर लावण्याआधी घरच्याच फोनवरून एक रुपया पाठवून बघा. क्रमांक दुसऱ्याकडे गेला असेल तर जुन्या लेबलांवरचा क्रमांक आजच काळा करा.

नवीन क्रमांकावरून ब्रॉडकास्ट यादी करून उपयोग नाही. तो संदेश तुमचा क्रमांक साठवून ठेवलेल्यांनाच पोहोचतो. जुन्या बिलबुकातून नावं काढा आणि पहिल्या पन्नास जणांना एकेक करून लिहा.

प्रश्न: त्यांना लिहायचं काय? एवढे दिवस कुठे होते ते सांगावं का? (धंतोली)

उत्तर: एक ओळ पुरे. असं लिहा: "नमस्कार ताई, मी पिशव्यांचं काम पुन्हा सुरू केलंय. या महिन्यात फक्त तीस पिशव्या आहेत, दोन रंगांत. किंमत २४०. फोटो सोबत आहेत. हव्या असतील तर शनिवारपर्यंत कळवा, पुढच्या बुधवारी घेऊन जाता येतील." आजारपण, घरच्या अडचणी लिहिल्या की समोरची व्यक्ती तब्येतीची चौकशी करते आणि पिशवी विसरते. कोणाची ऑर्डर किंवा आगाऊ रक्कम तेव्हा अडकली असेल तर हा संदेश त्यांना पाठवू नका. त्यांना फोन करा, आधी पैसे परत करा.

प्रश्न: काम थांबलं तेव्हा सीताबर्डीच्या एका दुकानात ४२ नग होते. दुकानदार म्हणतो, आठवत नाही. (गोकुळपेठ)

उत्तर: माल "विकला तर पैसे" या बोलीवर होता की थेट विकला होता, यावर सगळं ठरतं. बोलीवर असेल तर चलन, म्हणजे दिलेल्या मालाची नोंद असलेला कागद, घेऊन जा, शिल्लक नग मोजा, ते परत घ्या आणि कमी पडतील त्यांचा हिशेब मागा. थेट विकला असेल आणि तुमची उद्यम नोंदणी मालाच्या आधीची असेल, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायला हवेत. उशिरावर व्याजही लागतं. ही गोष्ट शांतपणे बोलून दाखवली तरी पुष्कळदा हिशेब आठवतो. चलन मुळातच केलं नसेल तर निम्म्यावर तडजोड करा. पुढच्या वेळी प्रत्येक फेरीला दोन प्रतींत चलन करा, खाली दुकानाचा शिक्का घ्या.

प्रश्न: कामाची खोली आणि कुलर एकाच भिंतीला आहेत. चालेल? (हुडकेश्वर)

उत्तर: छपाई करताना चालेल, उलट कोरड्या मे महिन्यात थोडी ओल असली की रंग ठशावर लगेच वाळत नाही. साठवणीला मात्र नको. कुलरची ओली हवा कापडाला बुरशी, सुयांना गंज आणि कागदी लेबलांना वळ्या आणते. कपाट समोरच्या भिंतीला, जमिनीपासून चार इंच वर आणि भिंतीपासून दोन इंच सोडून ठेवा. कापड प्लॅस्टिकच्या पिशवीत न कोंडता जुन्या सुती चादरीत गुंडाळा, घडी दोन महिन्यांनी बदला.